कर्टिसबद्दल विचारलं तेव्हा

मी मूळचा विट्याचा. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, आई घरीच, आम्ही तीन भाऊ, मी मधला, आणि मधल्याचं असतं तसं थोरल्याची पुस्तकं, थोरल्याचीच पँट, त्यामुळं दुसऱ्याच्या अंगावर नवं काही आलं की ते आधी मला दिसायचं. बारावीनंतर माझा इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही आणि माझ्या बाकावरच्या संजयचा लागला, राखीव जागेतनं, तर मी गावभर सांगत फिरलो की माझी सीट त्यानं खाल्ली. खरं सांगू का ताई, माझे मार्क असे होते की सगळ्या जागा खुल्या केल्या असत्या तरी माझा नंबर लागला नसता. हे मी अंजलीलाही, म्हणजे माझ्या बायकोलाही, सांगितलेलं नाही. तुम्ही मंडळाच्या अंकासाठी धंद्यात नाव काढलेल्या मराठी माणसांच्या गोष्टी लिहून घ्यायला आलात, आणि मी हे कुठलं काढून बसलो म्हणाल. पण पुढचं सांगायचं तर इथनंच सांगायला पाहिजे.

अमेरिकेत मी आलो तो अंजलीच्या मागनं. तिची पार्सिपनीला सॉफ्टवेअरची नोकरी, माझा व्हिसा डिपेंडंट, काम करायची परवानगी नाही. सहा वर्षं मी पोळ्या केल्या, कपड्यांना इस्त्री केली, लेकीला, रियाला, शाळेत सोडलं आणि आणलं. मंडळाच्या गणपतीत सगळे विचारायचे, मग विलासराव, सध्या काय? मी म्हणायचो, बघतोय. काय बघत होतो तर प्रत्येकाची नवी गाडी बघत होतो. मग ग्रीन कार्ड आलं आणि मी सफाईची कंपनी काढली. ऑफिसं, दवाखाने, आणि उन्हाळ्यात शाळा बंद असतात तेव्हा शाळांच्या फरशा, म्हणजे वर्षाचं जुनं वॅक्स खरवडून काढायचं आणि नव्यानं चार-पाच कोट चढवायचे. मंडळात चेष्टा व्हायची, काय विलासराव, आज कुणाचं झाडलं? मी हसायचो. आतनं जळायचो.

पहिला माणूस ठेवला तो कर्टिस. काळा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, नुअर्ककडचा, आधी एका हॉस्पिटलात फरशांचंच काम केलेला. मशीन कसं धरायचं, वॅक्स किती पातळ ओढायचं, पावसाळी हवेत पंखे कुठं लावायचे, हे सगळं मला त्यानं शिकवलं, आणि मी मात्र सगळ्यांना सांगितलं की मी व्हिडिओ बघून शिकलो. मला तो बॉस म्हणायचा. आम्ही डबा एकत्र खायचो, त्याला माझं भरलं वांगं आवडायचं, मला त्याच्या आईनं केलेला कॉर्नब्रेड. अकरा वर्षं तो माझ्याकडं होता आणि अकरा वर्षांत सकाळी साडेपाचला माझ्याआधी पोचलेला असायचा.

आता माझी मतं तुम्हाला ठाऊकच आहेत, मंडळात मी काही लपवत नाही. सरकार म्हणतं ताशी पगार वाढवा, ठीक आहे, वाढवतो, मग माझ्याकडं सात माणसं होती तिथं सहा राहतात, त्या सातव्याच्या घरी सरकार जातं का बघायला? श्रीमंताला टॅक्स लावा म्हणतात, आता ज्या साहेबाच्या सहा बिल्डिंगी मी पुसतो त्याचा हेवा मला कधी वाटला नाही, त्यानं जोखीम घेतली, त्यानं मिळवलं. आणि कामं रंग बघून वाटू नयेत, ज्याचं काम चांगलं आणि भाव बरोबर त्याला द्यावं. हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. पण साहेबाचा हेवा वाटत नाही आणि कर्टिसनं माझ्यासारखीच पांढरी व्हॅन घेतली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही, हे असं का, ते मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर कर्टिसनं स्वतःची कंपनी काढली. मला येऊन सांगितलं, रीतसर, महिनाभर आधी. त्या दिवशी त्यानं मला पहिल्यांदा विलास म्हणून हाक मारली, उच्चारही चांगला केला, आणि मला ते लागलं. मग म्हणाला, इथं शेजारच्या टाऊनच्या शाळांचं उन्हाळी काम निघतंय, थोडं काम मायनॉरिटीच्या छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवलंय, मी टेंडर भरतोय, शिफारशीला तुझं नाव देऊ का? मी म्हणालो, दे की. मिठी मारली त्याला.

आणि त्या आठवड्यात मंडळात मी किती बोललो म्हणता. बघा, आपण घाम गाळायचा आणि ह्यांनी रंग दाखवून काम न्यायचं, तिकडंही तेच, इकडंही तेच. लोकांनी माना डोलावल्या. रिया तेव्हा पिस्कॅटवेला कॉलेजात, शनिवारची घरी आलेली, ती जेवताना म्हणाली, बाबा, यू नो यू काउंट टू, राइट? मी म्हणालो, कशात? तर म्हणाली, मायनॉरिटीत, एशियन बिझनेस, तुम्हालाही ते सर्टिफिकेट मिळतं. मी म्हणालो, मला नको असली भीक. अंजली म्हणाली, मग दुसऱ्याच्या ताटात कशाला बघताय? तिला मी उलटून बोललो.

सोमवारी शाळांच्या ऑफिसातनं फोन आला. एक बाई, आवाज मऊ. कर्टिसचं काम कसं आहे? म्हणालो, काम उत्तम. माणसं सांभाळतो का? सांभाळतो. वेळेवर येतो का?

ताई, इथं मी थांबलो. काही बोललो नाही, नुसता थांबलो. मग एक श्वास सोडला आणि म्हणालो, ही इज अ गुड मॅन. घरचे प्रॉब्लेम असतात हो माणसाला. खोटं एक वाक्य बोललो नाही, त्याची आई तेव्हा खरंच डायलिसिसवर होती. पण काळ्या माणसाबद्दल असं विचारल्यावर आपण जरा थांबलो की पुढचं ऐकणाराच भरून घेतो, हे मला ठाऊक होतं, इतकी वर्षं ह्या देशात काढल्यावर तेवढं कळतं. त्या भरवशावरच मी थांबलो. बाई म्हणाली, आय सी, थँक यू.

काम तिसऱ्याच कुणाला गेलं. कर्टिसला कारण कुणी सांगितलं नाही. मला फोन करून म्हणाला, तू चांगलंच बोलला असशील, थँक्स मॅन. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी मी काय केलं सांगतो. रियाला म्हणालो, तो फॉर्म भर. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भरला. सर्टिफिकेट आलं ते मी भिंतीवर न लावता ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्याच राखीव कामाचं टेंडर भरलं आणि मला ते मिळालं. मंडळात सांगितलं, मेहनतीचं फळ. टाळ्या वाजल्या.

जूनमध्ये कर्टिस दारात. त्याची कंपनी चालेना, हातात पोटापुरती ऑफिसं, म्हणाला, बॉस, उन्हाळ्यापुरतं काम आहे का? बॉस म्हणाला परत. काय सांगू तुम्हाला, मला बरं वाटलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात घाण गोष्ट कुठली म्हणाल तर तो फोनसुद्धा नाही, ते बरं वाटणं.

त्यालाच घेऊन त्याच शाळांमध्ये गेलो. दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट, आम्ही दोघंच एका लांब कॉरिडॉरमध्ये, तिसरा कोट चाललेला, तो पुढं मॉप ओढतोय, मी मागं बादली धरून. तो सहज म्हणाला, मागच्या वर्षी माझं नेमकं काय चुकलं कोण जाणे, मी भाव तर कमी दिला होता. आईपाशी पण तो हेच बोलायचा म्हणे, ती गेली तोवर. आणि माझ्या तोंडनं निघालं. सगळं सांगितलं, फोन, बाईंचा प्रश्न, माझं थांबणं. ड्रॉवरमधलं सर्टिफिकेट पण.

त्यानं मान वर केली नाही. वॅक्सचा कोट अर्ध्यात सोडला की वाळल्यावर तिथं रेघ उठते आणि सगळं परत खरवडावं लागतं, त्यामुळं तो थांबला नाही. निम्मा कॉरिडॉर राहिला होता, तो त्यानं एका लयीत शेवटपर्यंत ओढला, मी मागनं बादली घेऊन. पार टोकाला गेल्यावर मॉप पिळला, टांगला, हात धुतले. मग म्हणाला, तुला माझी व्हॅन बघवली नाही, विलास. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, आय ट्रेन्ड यू, मॅन. आणि मागच्या दारानं गेला, कारण पुढची फरशी ओली होती.

मी त्या ऑफिसला पत्र लिहिलं, सही करून, की कर्टिस अकरा वर्षांत एकदाही उशिरा आला नाही आणि मी तुम्हाला तसं सांगितलं नाही. उत्तर नाही आलं. ह्या वर्षी काम परत निघालं. मी टेंडर भरू नये असं अंजली म्हणाली, पण मी भरलं, खोटं कशाला सांगू, मला ते काम पाहिजे होतं. कर्टिसला मिळालं. कळलं त्या दिवशी परत जेवण गेलं नाही.

माझी मतं तीच आहेत. रंग बघून काम देऊ नये असंच मला वाटतं. फक्त आता मंडळात कुणी तो विषय काढला की मी चहा आणायला उठतो, कारण माझ्या मतात किती मत आणि किती जळणं, ते मला वेगळं करता येत नाही. कर्टिस फोन घेत नाही. दोनदा त्याच्या घरी गेलो, दार त्याच्या बायकोनं उघडलं, म्हणाली, तो कामावर आहे. खरंच असेल कामावर, चार माणसं ठेवलीत त्यानं.

सकाळी देवाला दिवा लावतो तेव्हा म्हणतो, त्याचं भलं कर. तोंडानं म्हणतो, पोटातनं अजून येत नाही. पण म्हणायचं सोडत नाही. एवढंच आहे ताई. अंकात घ्या, नावासकट घ्या.