शेवटचं रीळ पाहायचं राहिलं

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब पंजाबराव, अकोल्याहून खास या कार्यासाठी आलेले प्रमुख पाहुणे आणि तिथल्या चित्रप्रेमी मंडळाचे अध्यक्ष चिंतामणराव, थिएटरचे मालक चंद्रभानशेट, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आणि समोर बसलेल्या माझ्या अमरावतीकर बंधूंनो नि भगिनींनो,

ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते खुशालराव व्यासपीठावर नाहीत, हे आपल्या ध्यानात आलंच असेल. त्यांची खुर्ची तिकडे दाराबाहेर ओसरीवर टाकली आहे. मानपानाचा काही रुसवा नाही. त्या दिवसापासून त्यांना छताखाली बसवत नाही. मी आत उभा आहे, पण मला बसवतं असं समजू नका. मी दर वाक्यागणिक दाराकडे पाहतोय ते पुढच्या रांगेला दिसत असेल. कोर्टात उभं राहून केस पांढरे झाले, तिथे कधी दाराकडे पाहिलं नाही.

आपल्या चित्रप्रेमी मंडळाचं रौप्यपदक दरवर्षी एका नटाला किंवा नटीला जातं. यंदा ते खुशालरावांना द्यावं असं एकमताने ठरलं, आणि त्या ठरावाला अनुमोदन दिलं अकोल्याने! अमरावती-अकोल्याचं एका नटावर एकमत झाल्याचं कुणी पूर्वी ऐकलंय का? आम्ही कुमारी मृणालिनी म्हणावं, की त्यांनी मास्टर हेमराज म्हणायचं. चिंतामणराव हसतात, पण गेल्या वर्षी याच वादात ते बडनेऱ्याला गाडीत चढताना मला रामराम न करता गेले होते.

पाहुण्यांपैकी काहींना आमची मतदानाची रीत ठाऊक नसेल. स्पर्धेचा खेळ असला की तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक सरकी मिळते. कापसाचा मुलूख, सरकीला काय तोटा! खेळ संपला की बाहेर नटनट्यांची चित्रं चिकटवलेली मडकी असतात, त्यांत ती टाकायची. पहिल्या वर्षी मडक्यांपाशी अशी रेटारेटी झाली की मडकी फुटली आणि दोघांची डोकीही. तेव्हापासून खुशालरावांनी नियम घातला: आपली रांग पुकारल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आधी बाया, मग जमिनीवरचे, मग बाकवाले, आणि आम्ही खुर्चीवाले सगळ्यांत शेवटी.

खुशालराव तेव्हा थिएटरचे व्यवस्थापक. त्याआधी ते नाटक कंपनीत होते. त्यांचं नाटकातलं काम मी पाहिलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, फार वाईट होतं. "कोण आहे रे तिकडे!" असं म्हणताना ते मागे बघायचे, आणि तिकडे खरंच कोणी नसायचं. थिएटरात आले तरी ती सवय सुटली नाही. फिल्म तुटली की पडद्यापुढे यायचे, उपरणं सावरायचे आणि दरबारात उभं राहिल्यागत "रसिकहो!" म्हणायचे. आम्ही खुर्चीवाले हसायचो. मी तर त्यांना तोंडावर सांगायचो, खुशालराव, तुम्ही तिकिटं विकता तेच बरं. ते म्हणत, "वकीलसाहेब, एक दिवस तुमाले माहं काम आवडनच."

तो रविवार. दुपारचा खेळ. चित्र देवादिकांचं होतं, हे लक्षात ठेवा. पडद्यावर देव प्रगटला की आपल्या बाया पुढे होऊन कापूर पेटवतात, हेही नवं नाही. मी मागे खुर्चीवर, बरोबर चित्र दाखवायचं मशीन चालवणाऱ्या नत्थुजीच्या केबिनखाली. आमची मंडळी रमाबाई आणि मुलगी गोदावरी डाव्या अंगाला, कनातीआड, बायांत. मास्टर हेमराज दुष्ट राजा झाले होते. आता या हेमराजांबद्दल माझं मत चिंतामणरावांसमोर सांगतो. हा गृहस्थ घाबरला की डोळे मोठे करतो, हात छातीवर नेतो आणि मागे सरकतो. दर चित्रात तसंच. या चित्रात म्हणे शेवटच्या रिळात राजाला देवाचं भय वाटतं तो प्रसंग काही वेगळाच उतरला होता. तेवढ्यासाठी मी आलो होतो.

ते रीळ सुरू व्हायच्या आधीच चित्र थांबलं. पडदा पांढरा झाला. शिट्ट्या झाल्या. दिवे लागले. आणि कापराचा वास आला. माझ्या पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने हात जोडले. त्याला वाटलं, पुढे आरती लागली. मलाही तसंच वाटलं, मंडळी! फिल्म जळायला लागली की आधी कापरासारखा वास येतो, हे आम्हा रसिकांना कुठून ठाऊक असणार? आम्हाला नटांच्या भुवया ठाऊक.

खुशालराव पडद्यापुढे आले. उपरणं सावरलं. "रसिकहो! कंपनीने शेवटचं रीळ धाडलेलंच नाही. तरी आत्ताच मतदान घेण्यात येत आहे. भगिनीवर्गाने आपापली सरकी घेऊन उठावं!" तोच दरबारी सूर. लोक हसले. भातकुलीच्या पार्बताबाई फुलवाल्या कनातीआडून कडाडल्या, "मी पैसे देऊन आली, अर्ध्यात कावून उठू? राजा मेला का जगला, ते तं सांग!" पण रीत ती रीत. पुटपुटत का होईना, बाया उठू लागल्या.

उठून भांडलो तो मी. कायदा माझा धंदा. भर सभेत ओरडलो, की हेमराजांचा भयाचा प्रसंग पाहिल्याशिवाय मत कसं द्यायचं? हे मतदान बेकायदा आहे. रीळ येईल तेव्हा येईल, मी खुर्ची सोडणार नाही! खुर्चीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. काही बाकवाले उठले होते ते पुन्हा बसले.

खुशालराव सावकाश चालत मागे आले. वाटेत दोघांशी हसून बोललेसुद्धा. माझ्याजवळ येऊन कानाशी वाकले आणि म्हणाले, "वर फिल्म पेटली हाय. नत्थुजीनं लोखंडी झडप लावून धरली, किती वेळ धरन ठाऊक नाही. दारं आत उघडतात, गर्दी आली का उघडनार नाहीत. तुमी उठले तं सारे उठतीन. बसा अन् माह्यासंग भांडा. जोरात भांडा, वकीलसाहेब. पाया पडतो."

मग ते सरळ झाले आणि गरजले, "असं कसं म्हणता, वकीलसाहेब!"

मंडळी, मी भांडलो. कशावर भांडलो? हेमराज थोर की मृणालिनी थोर यावर. माझी मान मागून गरम होत होती. डोक्यावर काहीतरी तडतडत होतं. आणि मी म्हणत होतो की मृणालिनीबाईंचा रडण्याचा अभिनय संयत असतो, त्या पदर डोळ्यांना लावत नाहीत. खुशालराव म्हणत होते, गाता येत नाही त्या बाईला! मध्येच "आता भगिनीवर्गाची दुसरी रांग!" असं पुकारत होते. लोक माना वळवून आमची गंमत पाहत होते. "वकीलसाहेब, सोडू नका याले!" असा कोणी मला जोर दिला. काय बोललो ते धड आठवत नाही. इतकं आठवतं की मला लघवीला लागल्यासारखं झालं होतं आणि तोंडात थुंकी नव्हती. मी पुढे "संयत" हा शब्द उच्चारू शकलो नाही, चारदा अडखळलो, आणि लोक त्यालाही हसले.

बायांची रांग डाव्या अंगाच्या दारातून निघत होती, ती एकाएकी थांबली. दाराशी आमची मंडळी उभी. रमाबाईंना नवऱ्याचा हा तमाशा पाहून लाज वाटली असावी. पोरीचा हात धरून, दार अडवून, त्या मला म्हणत होत्या, "अहो, पुरे करा ना आता. चला ना घरी." त्यांच्यामागे सगळ्या बाया खोळंबलेल्या, कडेवर पोरं. माझ्या डोक्यावरची फळी काळी होताना मला दिसत होती. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, पळ! ते सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तुम्ही जाणता. मी लग्नापासून त्यांना कधी एकेरीत हाक मारली नव्हती. तिथे साऱ्या गावादेखत म्हणालो, "तुला कोणी विचारलं? चालती हो इथून!"

त्या रडत बाहेर गेल्या. रांग चालू लागली. मला वाटलं, ही माझी तिची शेवटची भेट, आणि शेवटचे शब्द हे.

मग जमिनीवरचे गेले. मग बाकवाले. त्यातला एक सरकी हरवली म्हणून बाकाखाली शोधू लागला, तेव्हा खुशालरावांनी स्वतःच्या खिशातून दिली. शेवटी आम्ही खुर्चीवाले. मी दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि मागे आवाज झाला. वळून पाहिलं तर केबिन खाली आलं होतं, जिथे मी बसलो होतो तिथे. नत्थुजीने मागच्या खिडकीतून उडी घेतली होती. त्याच्या भाजलेल्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, पण तो समोर बसला आहे. टाळ्या त्याच्यासाठीही हव्यात. चंद्रभानशेट, त्याचा पगार आपण चालू ठेवलात, मंडळ आपलं ऋणी आहे.

खुशालरावांना अकोल्याच्या थिएटराने बोलावलं होतं. ते नाही म्हणाले. ते आता मेहुण्याच्या संत्र्यांच्या बागेत राहणार. कोणी म्हणतात, नोकरी सोडायला काय झालं, जीव तर वाचला ना? त्यांना मी इतकंच सांगतो, की आमच्या घरी अजून देवापुढे कापूर लावत नाहीत. परवा शेजारी आरती झाली तर मी जेवणाच्या पाटावरून उठून रस्त्यावर येऊन उभा राहिलो, हात खरकटा. भीती आग विझली तरी विझत नाही.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला खुशालराव मातीत बसले होते. लोक ओरडत होते, पाण्याच्या बादल्या धावत होत्या. रमाबाई आणि गोदावरी मला बिलगल्या होत्या. खुशालरावांनी वर पाहिलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, काम जमलं का?" नटांबद्दल इतकी वर्षं इतकी मतं दिली, आणि त्या घडीला माझे दात वाजत होते. उत्तर देता आलं नाही. आज सभेसमोर देतो. खुशालराव, तिकडे ऐकू येतंय ना?

पडद्यापुढे जमलं. उत्तम जमलं. लोक हसले, उठले आणि वाचले. पण माझ्या कानाशी वाकलात तेव्हा नाही जमलं. तुमचा जबडा हलत होता, डोळ्यांत पाणी होतं, माझ्या खांद्यावर ठेवलेला हात बर्फासारखा गार होता. तुम्हाला भीती लपवता आली नाही. ती लपवता आली असती तर मी तुमचं ऐकलंच नसतं. मी वकील माणूस, पुरावा मागत बसलो असतो, आणि डाव्या अंगाच्या दारात माझ्या दोघी उभ्या होत्या. तुमचं ते न जमलेलं काम माझ्या घरात रोज चालतं बोलतं आहे. चहा करतं, माझ्याशी भांडतं, शाळेत जातं.

हे पदक देण्यासाठी अध्यक्ष महाराजांनी ओसरीपर्यंत चालत जावं, अशी मी त्यांना विनंती करतो. चिंतामणरावांनी वाट वाकडी करून येण्याची कृपा केली, मातृभगिनी मोठ्या संख्येने आल्या, त्या सर्वांचे मंडळातर्फे आभार. बोलण्याच्या ओघात कोणा नटाचा, नटीचा किंवा अकोलेकराचा अवमान झाला असेल, काही जास्त-कमी तोंडून गेलं असेल, तर ते मनावर घेऊ नये. पानसुपारी बाहेर मांडली आहे. सावकाश उठा, घाई नको. सगळी दारं उघडी आहेत. मी बोलायला उभं राहण्याआधी दोनदा पाहून आलो.