देवीचा दहीभात

अकोटच्या बसस्टँडवर पौर्णिमा लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. बाजूलाच, मुलगी रेवतीला घेऊन अमरावतीला निघालेल्या मायाच्या हातात शेजारच्या केशरबाईने डबा ठेवला.

"दहीभात हाये. तुह्या रेवतीले बसमधी चार."

"काकू, हा तं गोवर उतरल्यावर देवीले दाखवतात ना?"

"हो वं. पण आमच्या घरी गोवर आलाच नाई."

"मंग?"

"खालची सारी गल्ली फणफणली. माहा नातू पाच महिन्याचा, त्याले अजून गोवराची सुई देत नाईत. तुही पोरगी दिवसभर त्याचे मुके घेते. तिनं सुई घेतली नसती तं?"

"लय रडली होती, काकू."

"म्हून तं पहिला निवद तिले."

पौर्णिमाने लेकीचा दंड कुरवाळला.

"मावशी, हिची सुई राहून गेली. कोणत्या वारी देतात?"