नेल्दाची सही

हॅलो?... हो, मीच, ओफेलिया... चोले? अगं, तू? पोचली का बातमी सान अंतोनिओपर्यंत? सगळ्या टेक्सासला कळलं म्हणायचं... हो, हो... खरं आहे ते. माझी लेक नेल्दाच होती सगळ्यांच्या पुढे. आपल्या आईला मात्र सांगू नकोस हं.

नाही गं, मारामारी कसली? पोरं वर्गातून उठली आणि बाहेर जाऊन बसली. दोनशे पोरं... का म्हणजे? शाळेच्या पटांगणात स्पॅनिश बोललं की अजून छडी बसते, चोले!... हो, आपल्या वेळेसारखीच. आणि नेल्दाचा वर्गात पहिला नंबर, तर शाळेतली ती सल्ला देणारी बाई म्हणते, तुम्हा मेक्सिकन मुलींना कॉलेज कशाला, शिवण शीक... अगं ऐक ना! डॉक्टर व्हायचंय तिला.

रामोन? तो काय बोलणार... पोरगी म्हणते, 'आम्ही चिकानो', आणि हा ताटावरून उठतो. पोरं अभिमानानं म्हणवतात तसं, पण गरीब मेक्सिकनांना हिणवायचा शब्द तो, बापाच्या कानाला शिवीच वाटते.

मी?... आधी घाबरलेच. मग... खरं सांगू? बरं वाटलं गं. अकरा वर्षं त्या कारखान्यात पालकाच्या भाजीचे डबे भरतेय. तीन गोऱ्या पोरींना मी काम शिकवलं, तिघी मुकादम झाल्या. मी आहे तिथंच, ओल्या फरशीवर... कुणीतरी उठलं एकदाचं, असं वाटलं.

मग काय! शुक्रवारी मॅनेजरनं बोलावलं. शाळेच्या मंडळावर तोच बसतो ना! गोड बोलतो मेला. म्हणाला, ओफेलिया, मुलीनं माफीच्या कागदावर सही करावी. नाही केली, तर सोमवारपासून तू येऊ नकोस... आज सोमवारच की... रामोनची पाठ कामातून गेलेली, तुला ठाऊक आहे. घरात कमावती मी एकटी.

नाही! मी नाही सांगितलं तिला. शपथ... शेजारची चेला आहे ना, तिनं सांगितलं. आज सकाळी नेल्दानं फ्रॉकला इस्त्री केली, माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आई, सही करून येते'... मी? 'नको जाऊस' एवढंच म्हणायचं होतं. तव्यावर टॉर्टिया होती. ती उलटत राहिले...

नको, तू येऊन काय करणार?... थांब, फाटक वाजलं. आली ती. ठेवू नकोस हं.

काय झालं गं?... केलीस?... बस, पाणी पी आधी... म्हणजे? म्हणजे काय?

हॅलो, चोले? आहेस ना?... अगं, सही घेतली. सगळ्या शाळेसमोर ती माफी मोठ्यानं वाचायला लावली. वाचली पोरीनं. आणि मग हेडमास्तर म्हणाला, आता वर्षभर शाळेत यायचं नाही... हो, वर्षभर! शेवटचं वर्ष होतं गं तिचं... दाद कुणाकडे मागू? मंडळात बसलाय कोण?

माझी?... माझी नोकरी राहिली.

नाही, नेल्दा रडत नाहीये. तेच तर... माझा जेवणाचा डबा भरतेय. म्हणते, 'आई, बाराची पाळी चुकेल'... काय बोलू मी तिच्याशी? तू सांग ना... हॅलो?... नाही, येतंय ऐकू... कारखान्याचा पहिला भोंगा झाला गं. जाते मी.