पुठ्ठ्याखालची बातमी

दादा : एक अक्षर बोलू नकोस. आत ये, बस, आणि तोंडाला कुलूप.

बहीण : अरे, मी अजून दारातच आहे.

दादा : बातम्या दारातच फुटतात. कालची सेमीफायनल बघायची आहे मला. रात्रपाळी होती, म्हणून रेकॉर्ड करून ठेवली. सकाळी कानात कापूस घालून घरी आलो. फोन बंद करून कपाटात.

बहीण : मला मॅचबद्दल काही सांगायचं नाहीये, दादा.

दादा : मग तर थांबायला काहीच हरकत नाही. शेवटची शिट्टी वाजू दे, मग जग बुडालं असं सांगितलंस तरी ऐकीन.

बहीण : आणि टीव्हीला हा पुठ्ठा कशाला चिकटवलाय?

वहिनी : माझ्या बुटांच्या खोक्याचं झाकण आहे ते. विचारलंसुद्धा नाही.

दादा : टीव्ही लावला की आधी बातम्यांचा चॅनल लागतो. खाली पट्टी पळत असते. रेकॉर्डिंग सापडेपर्यंत डोळा तिकडे गेला की संपलं. गेल्या वर्षी क्वार्टर फायनल अशीच नासली.

वहिनी : बातम्यांतल्या बाईकडेही बघायचं नाही म्हणे. तिच्या ओठांवरून स्कोअर कळतो यांना.

दादा : तू पण तोंड तिकडे कर, फुटपट्टी. तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापलेलं असतं. हरलोय वाटतं.

बहीण : माझा चेहराच असा आहे.

दादा : तेही खरं. केक कापायचा म्हटलं की ही पट्टी घेऊन हजर. आणि स्वतःचा तुकडा कमी निघाला तरी तो कमीच घेणार.

वहिनी : चहा घे गं.

बहीण : हा कान तुटलेला चहाचा कप तर कारखान्यातला ना? तो घरी कसा?

दादा : घासायला आणलाय. बॉयलरपाशी राहून काळा पडतो. गप्प बस आता, सुरू झाली.

बहीण : आपले निळे?

दादा : दर वेळी विचारतेस. निळे. आणि तो आपला गोलकीपर. बघ, दूधवाल्याची वाट बघत उभा असल्यासारखा उभा आहे. अरे बाबा, पुढे ये! ये की! गेला. घ्या. दूध सांडलं.

वहिनी : एक-शून्य?

दादा : शून्य-एक. आपला आकडा आधी.

(मध्यंतर. दादा तोंड धुवायला आत जातो.)

वहिनी : तेच सांगायला आलीस ना?

बहीण : तुला कळलंय?

वहिनी : शेजारीण सकाळीच आली. कारखान्याला टाळं लागलं, नदीत रंगाचं पाणी सोडत होते म्हणून. टीव्हीवरही तेच चाललंय. हे नुकतेच झोपले होते. म्हटलं, उठून मॅच तरी बघू देत.

बहीण : ते पाणी आमच्या लॅबमध्ये मीच तपासलं, वहिनी. अहवालावर माझी सही आहे. बाहेरच्या कुणी सांगायच्या आत मला त्याला सांगायचंय.

वहिनी : सही कुणाची, तेसुद्धा शेजारणीला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला द्यायचं होतंस ते काम.

बहीण : दुसऱ्याने केलं असतं तरी आकडा तोच आला असता.

वहिनी : आकडा तोच आला असता गं. सही तुझी नसती.

दादा : काय कुजबुज चाललीये? फोडलीस ना बातमी हिला?

वहिनी : भाजीचं बोलत होतो. बसा.

दादा : भाजीचं बोलताना कुणाचा चेहरा एवढा पडत नाही. बरं, आता बघ. हे पोरगं आत आलंय, चित्त्यासारखं पळतं. दे त्याला. दे, दे, दे... गोल! गोल! बघितलंस? अगं, टाळ्या तरी वाज— काय? झेंडा? कुणी वर केला झेंडा?

वहिनी : कोण आहे तो?

दादा : लाइन्समन. कडेच्या रेषेवरून पळणारा. म्हणतो, बॉल सुटला तेव्हा आपलं पोरगं त्यांच्या शेवटच्या माणसाच्या पुढे होतं. आंधळा!

बहीण : पुढे होतं, दादा.

दादा : तुला काय कळतं?

बहीण : पडद्यावर रेघ ओढून दाखवतायत ना.

दादा : बोटभर! बोटभरासाठी अख्ख्या गावाला रडवायचं? त्याच्या घरात आपल्या टीमचं कुणीच नसेल का?

बहीण : असेल. सख्खा भाऊही असेल.

दादा : पी तो चहा, गार होतोय.

बहीण : दादा, जरा थांबवतोस? मला खरंच—

दादा : कारखान्याच्या टाळ्याचं सांगणार आहेस ना?

वहिनी : अहो, तुम्हाला माहीत होतं?

दादा : बॉयलर कोण बघतं तिथे? पहाटे साहेब स्वतः आले. म्हणाले, आग काढ, आता पेटवायचा नाही. माझ्याच हाताने थंड केला. मग माझा तो कप उचलला आणि निघालो.

वहिनी : मला का नाही सांगितलंत?

दादा : तू मला का नाही सांगितलंस?

वहिनी : तुमची मॅच होती.

दादा : मग झालं तर.

बहीण : माझं कळलं होतं तुला?

दादा : गेटवर सगळे तुझ्याच नावाने बोंबलत होते. कापूस काय फक्त स्कोअरसाठी घातला होता?

बहीण : मग मला आल्या आल्या गप्प का बसवलंस?

दादा : सांगून झाल्यावर तू बसली नसतीस. माझी फुटपट्टी आहेस, ओळखतो. सॉरी म्हणून जिना उतरली असतीस. आणि मीही कदाचित उतरू दिलं असतं. खरं सांग, पाणी तसं आहे?

बहीण : तीनदा तपासलं. पहिल्यांदा वाटलं, माझीच चूक झाली असेल. झालेली असावी, अशीच इच्छा होती.

दादा : नव्हती झाली.

बहीण : नाही.

दादा : सासूबाईंच्या नळाला तेच पाणी येतं. खालच्या वस्तीत.

वहिनी : माझ्या आईला मध्ये आणू नका.

दादा : आणत नाही. त्यांच्या हातावरचे चट्टे आठवले एवढंच.

वहिनी : डॉक्टर म्हणाले होते, साबण बदला. तीन साबण बदलले तिने.

बहीण : आता काय करशील, दादा?

दादा : बॉयलर काय, कुठेही असतात. माझ्या वयाला कोण दारात उभं करतं ते बघायचं. उद्यापासून. तो रिमोट दे इकडे.

बहीण : बंद करतोस?

दादा : मागे घेतोय. तो झेंडा परत बघू.

वहिनी : परत बघून तो गोल मिळणार आहे का?

दादा : नाही मिळणार. रागाच्या भरात नीट बघितलं नव्हतं. हं... इथे बॉल सुटला. थांब. तू बघ, तुझी नजर बारीक.

बहीण : तूच बघ.

दादा : आहे. पुढे आहे. बोटभरच, पण आहे.

वहिनी : मग काढू का तो पुठ्ठा? झाकून ठेवण्यासारखं आता काय राहिलंय?

दादा : राहू दे गं. अजून वीस मिनिटं आहेत. सरक, फुटपट्टी, वहिनीला बसायला जागा दे.