एकनाथराव आणि नव्वद पिक्सेलचं बटण

मंडळाचे अध्यक्ष राजेशराव, व्यासपीठावर बसलेल्या शैलजाताई, वेबसाइट समितीचे सन्माननीय सभासद आणि पार्सिपनीच्या या थंडीत माझ्यासाठी बाहेर पडलेली माझी सगळी माणसं,

एकोणीसशे शहात्तर साली आपण दहा-बारा जण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून दिवाळीच्या जेवणासाठी नावांची कार्डं करत होतो. आठवतं का कुणाला? माझं 'मृणालिनी त्र्यंबक धारवाडकर' काही एका कार्डावर मावेना. मी म्हटलं, नुसतं एम. टी. लिहा. एकनाथराव अग्निहोत्री म्हणाले, "वहिनी, नाव कशाला तोडायचं? पुठ्ठा भरपूर आहे." आणि त्यांनी कात्री घेऊन माझ्यासाठी मोठं कार्ड कापलं.

आज पुढच्या रांगेतली त्यांची खुर्ची रिकामी आहे. का, ते इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मी पुढच्या आठवड्यात लेकीकडे रेडमंडला कायमची राहायला जाते आहे, तेव्हा मी बोलते.

मंडळाची वेबसाइट मराठीत झाली याचा मला आनंद झाला होता. तीस वर्षं मीही एका विमा कंपनीत स्क्रीनच बनवल्या. पण आपल्या समितीने केलं काय? इंग्रजी शब्दांच्या मापाची नव्वद पिक्सेलची बटणं तशीच ठेवली आणि त्यांत 'दिवाळी नोंदणी कायम करा' आणि 'दिवाळी नोंदणी रद्द करा' कोंबलं. वेबसाइट बनवणाऱ्या आपल्या प्रथमेशच्या स्क्रीनवर बारीक अक्षरांत ते जेमतेम मावलं. अक्षर मोठं केलं की शब्द शेजारच्या बटणावर सांडायचे. ते वाईट दिसतं म्हणून या हुशार मुलाने ओव्हरफ्लो हिडन लिहिलं. म्हणजे जे मावत नाही ते दाखवायचंच नाही. घर आवरण्याची ही पद्धत मी पाहिली आहे, केर गालिच्याखाली सारणाऱ्यांची.

एकनाथराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते अक्षर मोठं करून वाचतात. त्यांना शेजारी शेजारी दोन बटणं दिसली. दोन्हींवर 'दिवाळी नोंदणी', बस. आपल्या भाषेत करायचं काय ते शेवटी येतं, आणि शेवटच तर कापलेला. त्यांनी एक दाबलं.

दिवाळीच्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन ते दारात उभे होते. टेबलावरच्या मुलीने यादी पाहिली आणि म्हणाली, "अंकल, यू कॅन्सल्ड." ते म्हणाले, "बरं. माझंच काही चुकलं असेल." डबा तिच्याकडे दिला आणि घरी गेले. चिवडा आपण सगळ्यांनी खाल्ला. चांगला झाला होता.

समितीच्या मीटिंगमध्ये मी विचारलं तर प्रथमेश म्हणाला, "काकू, माझ्या मॉनिटरवर परफेक्ट दिसतंय. काकांनी फॉन्ट मोठा केला, त्याला मी काय करू?" मी म्हटलं, रुंदीचा आकडा काढून टाक, दोन्ही बाजूंना अक्षराच्या मापाने जागा सोड, बटण शब्दांबरोबर वाढेल. एका ओळीत मावलं नाही तर दुसरं बटण खाली जाईल. "काकू, मग डिझाइन ब्रेक होतं, यार." मला यार म्हणाला, तेही चाललं. पण बाकीचे नऊ सभासद माना डोलवत होते, त्यांतले चार स्वतः चष्मा कपाळावर चढवून वाचतात. ते मात्र नाही चाललं. इतिवृत्तात काय लिहिलं? 'ज्येष्ठांना संगणकाची सवय नाही.' वा. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर खालच्या ओळीवर घ्यायला सांगायच्या. आम्ही सात वर्षांच्या होतो, आम्हाला जमायचं.

ते बटण मी परवा चार ओळींत दुरुस्त केलं. पण एकनाथरावांचं काय? त्या दिवसापासून त्यांना वाटतं, आपलं डोकं चालेनासं झालं आहे. त्यांनी कॉम्प्युटर नातवाला देऊन टाकला, गाडीची किल्ली मुलाला, निहारला. मी फोन केला तर म्हणाले, "वहिनी, आता मला काही जमत नाही हो." मी सांगितलं, चूक तुमची नव्हती. त्यांना वाटलं, मी समजूत घालते आहे. माझ्या सांगण्याने ते मानणार नाहीत. ज्यांची चूक आहे त्यांनी सांगायला हवं.

शहात्तर सालच्या त्या टेबलापासून आजवर बत्तीस वर्षं तुम्ही मला सांभाळलंत, त्याचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. आज कुणाला लागेल असं बोलले असेन, तर म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून द्या. समितीबद्दल बोलले ते मात्र सोडू नका.

आता वाटणी. नारळ शैलजाताईंकडे, वड्या त्यांच्याच चांगल्या होतात. चिवड्याचा रिकामा डबा मी घासून आणला आहे, त्यात फराळ भरायचं काम राजेशरावांचं. माझी जुनी कात्री प्रथमेशला. तुम्ही मला दिलेली ही शाल एकनाथरावांना. ती प्रथमेशने आज, इथून निघाल्यावर, स्वतः ड्राइव्ह करून न्यायची, आणि चूक कुणाची होती ते दारात उभं राहूनच सांगायचं, मग आत जायचं. शालीवर एक कार्ड टाचलं आहे, तेही त्यांचंच. 'एकनाथ पुरुषोत्तम अग्निहोत्री' मावेना, म्हणून मी मोठं कापलं.