एसुमानच्या न्हाणीखाली

— मान हलवू नकोस म्हटलं ना. ताणून घेतल्याशिवाय वेणी बसत नाही, दुखणारच थोडं. हां, तर छत गळतं, आणि घरमालक म्हणतो बादली ठेव? बादलीच सांगतात गं सगळे. आमचा घरमालक एसुमान पण तेच म्हणायचा — “एकुवा, बादली नाहीय का घरात? माझी देऊ?” — आणि वर हसायचा. तो राहायचा वर, खाली आम्ही दोघी, मी आणि माझी धाकटी बहीण आराबा. त्याची न्हाणी बरोबर आमच्या पलंगाच्या डोक्यावर. चर्चमधला मोठा माणूस ना, भजनं म्हणत म्हणत आंघोळ चालायची, निवांत — आणि ते पाणी, त्याच्या अंगावरचं, साबणाचं, मळाचं, टपटप टपटप आमच्या उशीवर. पलंग सरकवला, तर तिकडे गळायला लागलं. जणू माग काढत यायचं मेलं. मधूनमधून कुणीतरी येऊन सिमेंट थापून जायचा, की आठ-दहा दिवस बरे, मग पुन्हा तेच. सोडून का नाही गेलो? तू का नाही गेलीस? दोन वर्षांचं भाडं आधीच घेऊन बसलाय ना तुझा? मग! आमचं पण तसंच. या ताकोराडी शहरात कोण आगाऊ घेतल्याशिवाय किल्ली देतो?

मग एकदा भर दुपारी आराबानं पंख्याचं बटण दाबलं. भिंत कसली, ओला पाव झाला होता भिंतीचा. ती तिथेच चिकटली. ओरडली नाही, काही नाही — उभ्या उभ्या थरथरतेय, दात वाजतायत, आणि डोळे माझ्याकडे. मी लाकडी स्टूल उचललं आणि घातलं तिच्या दंडावर, जीव खाऊन घातलं, तेव्हा सुटली. हाताचं कातडं बटणालाच राहिलं. दोन बोटं वाचली नावाला, पण वळत नाहीत. आता तू म्हणशील दोन बोटांचं काय — अगं, वेण्या घालायची ती! माझ्याहून दसपट सुरेख. मी हे जे तुझं करतेय ना, हे तिचंच बघून शिकलेलं. बायका माझ्यापुढची खुर्ची रिकामी सोडून तिच्यासाठी ताटकळायच्या. एसुमान दवाखान्यात आला, संत्री घेऊन आला, आणि म्हणतो काय — ओल्या हातानं बटण दाबू नये, पोरी.

त्या दिवशी पण मी मारलं नाही त्याला. हे लक्षात ठेव. लोकांना वाटतं मी पहिल्यापासून अशीच. मी सरळ भाड्याच्या तक्रारीच्या ऑफिसात गेले. तू पण जा. घाबरू नकोस, आधी घरमालकाला लेखी कळव, दोन शेजारणींना ओल दाखवून ठेव, भिंतीचे फोटो काढ, आणि जा. ते बोलावतात घरमालकाला. एसुमानला बोलावणं गेलं, तर त्यानं काय केलं? भाच्याला पाठवलं आमचं दार काढायला! बिजागऱ्यांसकट! मी आडवी आले तर त्या रेड्यानं मला केसांना धरून अंगणात ओढलं, तोंडात माती गेली माझ्या, आणि माझ्या हाती लागला त्याचा कान, तो मी चावला. रक्त येईपर्यंत चावला. सोडलाच नाही. आराबानं मागून ओढलं मला.

पण ऑफिसातली बाई खमकी होती. सगळ्यांसमोर झापला तिनं एसुमानला. दार परत बसव, गळती काढ, आणि भाडेकरूला घालवायचंय तर आधी हुकूम आण, दारं कसली काढतोस, म्हणाली. मान खाली घालून ऐकलं त्यानं. जिंकलो आम्ही! दार बसलं, आणि पुढच्या शनिवारी प्लंबर आला.

तर तो प्लंबर वर गेला. मी अंगणात फूफूच्या गोळ्यासाठी उकडलेला कसावा उखळात कुटत होते, आराबा शेजारी बसून डाव्या हातानं गोळा उलटवत होती. किती वेळ लागावा? माझा कसावा अजून नीट मऊसुद्धा झाला नव्हता, आणि हे दोघं जिना उतरून खाली. प्लंबरच्या तळव्यावर एक रबरी वायसर, झिजलेलं, काळं, एवढंसं. “हे गेलं होतं,” म्हणाला. बस्स. त्या एवढ्याशापायी — आणि एसुमान ते चिमटीत धरून बघतो, हसतो, माझ्याकडे वळून म्हणतो, “एवढंच होतं? मग आधी नाही का सांगायचं, पोरी!”

आणि त्यानं हात उगारला, म्हणून मी — नाही. उगारला नव्हता. ते कोर्टात वकिलानं सांगितलं. हात पुसत होता तो, रुमालानं. मुसळ माझ्या हातातच होतं. पहिला फटका जबड्यावर बसला. कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज आला, आणि दात, मला वाटलं शेंगदाणे सांडले. तो खाली बसला. खाली बसलेल्याला मी परत मारलं. खांद्यावर. मग पाठीवर. प्लंबर पळाला. एसुमान दोन्ही हात डोक्यावर घेऊन काहीतरी म्हणत होता, पण जबड्याविना काय कळणार? आणि तुला सांगू — मला बरं वाटत होतं. प्रत्येक फटक्याला बरं वाटत होतं, तहान भागावी तसं. मग मुसळाखाली कुणीतरी आलं मधे. आराबा. तो जळका हात वर करून, त्याच्यावर ओणवी होऊन. मी थांबले — थांबले गं. लागलं नाही तिला. म्हणजे, मनगटाला लागलं. थोडं.

आत जाऊन आले मी. एसुमान आता पेज पितो, एका बाजूनं ओघळते. खोली कुणा दुसऱ्याला दिलीय, कोरडी ठणठणीत आहे म्हणे. आणि लोक म्हणतात बहिणीसाठी मारलं. ती बहीण अक्सिमला मामीकडे जाऊन राहिलीय. मी भेटायला गेले तर मामी दारात उभी राहिली, आणि आतून आराबाचा आवाज आला, तिला म्हणावं आधी हातातलं खाली ठेव. काय होतं हातात? पाव होता. तिच्यासाठी नेलेला.

तू जा ऑफिसात. होतं काम, खरंच होतं. फक्त दुरुस्तीला माणूस येईल त्या दिवशी घरी थांबू नकोस —

हसतेस? काय म्हणालीस? बरं केलं? असंच पाहिजे होतं त्याला? — सगळ्या तेच म्हणतात. म्हणूनच येता ना इथे, ऐकायला? ऊठ. अर्धं डोकं राहिलंय तर राहू दे, दुसरीकडून करून घे. पैसे नकोत मला. ऊठ म्हणते ना.