वेय्यो लुक्काइनेन यांचं रीळ

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या संचालक मेर्याबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, पहिल्या रांगेतल्या केर्त्तुवहिनी, कॉफीचे कप घेऊन मागे उभे राहिलेले सहकारी, आणि आज ज्यांना निरोप द्यायचा ते वेय्यो लुक्काइनेन,

सर्वांना नमस्कार. आपल्या हेलसिंकीत कुणाला ‘सन्माननीय’ म्हटलं की तो मागे वळून बघतो, म्हणून ते विशेषण मी मनातच ठेवते.

वेय्योंनी आयुष्यभर काय केलं? केसाहून बारीक तार केली. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत सुटलेला असतो. तारेला वीजभार दिला की तो वारा तिला रेटतो आणि तिच्यासोबत यान पुढे जातं. इंधन नाही, टाकी नाही. यावर पूर्वी लोक हसायचे. तारेच्या खोलीत मात्र हसायला बंदी होती. “हसायचं तर बाहेर जा, फुंकरीनं तुटेल,” असं वेय्यो दटावायचे. लोकरही चालायची नाही. वहिनी, तुम्ही विणलेले स्वेटर दाराबाहेर टांगलेले असायचे, त्याचं कारण एवढंच.

मेर्याबाई आत्ताच म्हणाल्या की वेय्योंची तार चंद्रापलीकडे निघाली आहे. तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. मी नाही वाजवल्या.

ही भेट द्यायचा मान मला मिळाला आहे. कार्डावर लिहिलंय, ‘तारेचं जादाचं रीळ, आठवण म्हणून’. वेय्यो, अजून उघडू नका. तारेला तुम्ही दिलेले जोड तुम्ही बघताक्षणी ओळखाल. हे जादाचं नाही. यानात बसवलं होतं ते रीळ हेच.

तुम्ही तळ्यावर होतात, बर्फाला भोक पाडून मासे धरत. फोन नेहमीप्रमाणे घरी. तेव्हा रॉकेटवाल्यांचा निरोप आला, की तार सुटून शेजारच्या यानांत गुंतेल, ती काढा नाहीतर रॉकेटमधली जागा सोडा. मी तुमच्यासाठी थांबू शकले असते. भांडू शकले असते. मी “काढते” म्हणाले आणि तिथे यान ढकलायला गॅसची टाकी बसवली. मेर्याबाई, तुम्हाला मी किरकोळ बदल म्हणून कळवलं, ते हे.

परत आल्यावर तुम्ही मला तळ्यातले मासे आणून दिलेत. मी ते तळून खाल्ले आणि गप्प बसले. यानाची पेटी निघाली तेव्हा तुम्ही झाकणावर हात ठेवून आतल्या तारेला म्हणालात, “सांभाळून जा गं.” चिकटपट्टी हातात घेऊन मी शेजारीच उभी होते. मला माझीच लाज वाटली, तरी मी झाकणावर पट्टी लावली.

काय म्हणालात, वेय्यो? जरा मोठ्यानं... मागच्यांना ऐकू आलं नसेल. ते म्हणतात, “मग हे मला घरी कशाला देतेस? कपाटात नीट ठेव. गॅस संपला की पुढच्या यानाला लागेल.”

तुम्ही रागावला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मंडळी, आपण आलात, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. केक कापायचा राहिलाय, माझ्यामुळे आणखी खोळंबू नका. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. बोलण्याआधी जे केलं, ते मात्र सांभाळून घेऊ नका.